शिकविणाऱ्याची शाळा : बोर्डी-कोसबाडचा अनुभव आणि आपली पाठशाळा

(सुवर्ण महोत्सवी व्याख्यानाचा मजकूर)



कापडाच्या दुकानात नवा मुलगा कामाला लागला, तर पहिल्याच दिवशी त्याला गादीवर बसवून गिऱ्हाइकापुढे ताका उलगडायला कोणी सांगत नाही. आरंभीचे काही महिने तो घड्या घालतो, ताके लावतो, मीटर धरायला शिकतो. जुना माणूस गिऱ्हाइकाशी कसा बोलतो, कोणते कापड आधी दाखवितो, नको म्हणणाऱ्यापुढे गप्प केव्हा राहतो, हे तो बाजूला उभा राहून पाहतो. दुकान बंद करताना शेठ त्याला दिवसभरातील दोन चुका सांगतात. अशा रीतीने वर्ष-दीड वर्षाने तो गादीवर बसण्याच्या योग्यतेचा होतो. दहा मीटर कापड विकण्यासाठी एवढी उमेदवारी आवश्यक मानणारा आपला व्यापारी समाज, मुलांना धर्म शिकविण्याच्या कामी मात्र एका दिवसाचीही उमेदवारी मागत नाही. पंच प्रतिक्रमण मुखोद्गत असलेली एखादी सून वा भगिनी दिसली, की तिला विनंती होते, "ताई, येत्या रविवारपासून तुम्हीच घ्या." त्या ताईपुढे पाच वर्षांपासून चौदा वर्षांपर्यंतची पंचवीस-तीस मुले एकाच सतरंजीवर बसलेली असतात. ती सेवाभावाने येते, मानधन घेत नाही, घरचा स्वयंपाक आटोपून धावत येते. तिला सूत्रे येतात. ती सूत्रे दुसऱ्याच्या मनात कशी उतरवावीत, हे मात्र तिला कोणीही कधी दाखविलेले नसते. ह्यात दोष तिचा नाही.

परिणाम सर्वांच्या परिचयाचा आहे. ताई एक ओळ म्हणते, मुले तीच ओळ मोठ्याने म्हणतात. घरी विचारणा होते ती एकच, "आज किती गाथा झाल्या?" गाथांची संख्या वाढते, प्रभावना मिळते, वार्षिक समारंभात बक्षीसही मिळते. मुलगा आठवी-नववीत गेला, शिकवणीचे वर्ग सुरू झाले, की तो पाठशाळेतून हळूच नाहीसा होतो. जाताना तो पाठ केलेले शब्द बरोबर नेतो, पण त्यांचा अर्थ त्याच्यापाशी नसतो. आणि अर्थावाचून पाठ केलेले शब्द किती वर्षे टिकतात, हे प्रत्येकाने स्वतःच्या बालपणाकडे पाहून ठरवावे. कोणी तिला पाठशाळा म्हणो, कोणी ज्ञानशाळा. देरावासी, स्थानकवासी, तेरापंथी, दिगंबर, कोणत्याही आम्नायाच्या कार्यकर्त्याशी बोलले तरी थोड्याफार फरकाने हीच चिंता ऐकू येते. संस्थेची वास्तू उभी राहिली, पन्नास वर्षे झाली, हे भूषणावह आहेच. परंतु त्या वास्तूत पुढील पन्नास वर्षे बसणार कोण, हे त्या सतरंजीवर ठरत असते.

येथे एक आक्षेप नेहमी घेतला जातो. शिकविणे ही उपजत देणगी आहे, ज्याला आहे त्याला आहे, नाही त्याला नाही, असे अनेक सुज्ञ माणसेही म्हणतात. ह्या समजुतीला उत्तर शोधण्यासाठी फार दूर जाण्याचे कारण नाही. मीरा रोडहून उत्तरेकडे ह्याच पश्चिम रेल्वेने गेले, की डहाणूच्या पुढे घोलवड हे छोटे स्थानक लागते. त्याच्या परिसरात समुद्रकाठी बोर्डी आणि टेकडीवर कोसबाड. शिकविणाऱ्यांनी स्वतःला कसे घडविले, आणि चाळिशी-पन्नाशी उलटल्यावरही कसे बदलले, ह्याचा महाराष्ट्रातील फार मोठा प्रयोग ह्या दोन गावांत झाला.

त्या प्रयोगाचे मूळ गुजरातेत, भावनगरला आहे. तेथे नृसिंहप्रसाद तथा नानाभाई भट्ट ह्यांनी १९१० मध्ये दक्षिणामूर्ती ही संस्था स्थापन केली होती. १९१६ मध्ये गिजुभाई बधेका नावाचे एक वकील चालती वकिली सोडून ह्या संस्थेत आले. मुलगा झाला तेव्हा त्याला शिक्षण कसे द्यावे ह्या विचाराने ते इटलीच्या डॉ. मारिया माँटेसरी ह्यांच्या ग्रंथांकडे वळले होते. १९२० मध्ये त्यांनी तेथे बालमंदिर सुरू केले. पुढे मुलांवरील मायेमुळे त्यांना 'मूछाळी मा', म्हणजे मिशा असलेली आई, असे लाडके नाव मिळाले. सभागृहातील गुजरातीभाषक वडीलधाऱ्यांना हे नाव नवे नसेल.

गिजुभाईंनी 'दिवास्वप्न' नावाचे एक छोटे पुस्तक लिहिले. प्रत्येक शिकविणाऱ्याने ते वाचावे. मराठी व हिंदीतही ते उपलब्ध आहे. त्यात लक्ष्मीराम नावाचा एक शिक्षक अधिकाऱ्यांची परवानगी काढून चौथीच्या वर्गावर वर्षभर प्रयोग करतो. गंमत अशी, की हा आदर्श शिक्षक पहिल्याच दिवशी सपशेल फसतो. रात्री बसून त्याने सुंदर योजना आखलेली असते. मुलांकडून आधी शांततेचा खेळ करून घ्यायचा, मग गाणे, मग गप्पा. प्रत्यक्षात वर्गात असा गोंधळ माजतो, की त्याला मुलांना सुट्टी देऊन टाकावी लागते. तो मुलांना दोष देत नाही, "हल्लीची मुलेच अशी" म्हणत नाही. आपली योजना मुलांना अनुरूप नव्हती, एवढे तो ओळखतो आणि दुसऱ्या दिवशी गोष्ट सांगायला लागतो. मग मात्र मुले हलत नाहीत. पुस्तकातील पुढची वाट त्या पहिल्या फसगतीतूनच निघते. आपल्या समाजात एखादा व्यवहार फसला, तर व्यापारी गिऱ्हाइकाला नावे ठेवीत बसत नाही, माल कोठे चुकला हे पाहतो. शिक्षकाने आपल्या तासाकडे त्याच नजरेने पाहावे, हे गिजुभाईंनी एका कथेतून सांगितले.

ह्या गिजुभाईंकडे १९२३ मध्ये एक मराठी विदुषी आल्या. ताराबाई मोडक. जन्म १८९२ चा, मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर. राजकोटला स्त्री-शिक्षिका घडविणाऱ्या बार्टन महाविद्यालयाच्या त्या प्राचार्या होत्या. म्हणजे शिक्षिकांना शिकविण्याचे काम त्या आधीच करीत होत्या. तो मान, ते पद सोडून त्या लहान मुलांच्या बालमंदिरात काम करायला गेल्या. कोणत्याही पेढीचा मुनीम पुन्हा उमेदवार होऊन दुसऱ्याच्या दुकानी बसेल काय, ह्याचा विचार केला म्हणजे ह्या निर्णयाचे मोल कळते. पुढे १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला, 'शिक्षणपत्रिका' निघू लागली आणि ताराबाईंनी तिची मराठी आवृत्ती चालविली. १९३६ मध्ये दादरला शिशुविहार सुरू झाले. मुंबईतील सुशिक्षित घरांतील मुलांसाठी ते उत्तम चालले होते.

तेथेच थांबल्या असत्या तरी ताराबाईंचे नाव राहिले असते. परंतु माँटेसरीची पद्धत म्हणजे तिची सुबक, मोजून-मापून बनविलेली लाकडी साधने; ती महाग, म्हणून ते शिक्षण श्रीमंतांपुरते. हे शिक्षण गरिबाच्या मुलापर्यंत कसे न्यावे, हा प्रश्न त्यांना स्वस्थ बसू देईना. १९४५ मध्ये, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्या बोर्डीला गेल्या. बरोबर अनुताई वाघ होत्या. मोरगावला १९१० मध्ये जन्मलेल्या, बालवयातच वैधव्य आलेल्या, नोकरी करीत रात्रशाळेत शिकून मॅट्रिक झालेल्या अनुताई पुण्यात शिक्षिका होत्या. बोरिवलीला भरलेल्या ग्रामसेविकांच्या शिबिरात ताराबाईंची व त्यांची भेट झाली. बोरिवली म्हणजे येथून दोन स्थानके.

बोर्डीत दोघींनी बालवाडी उघडली. जागा होती, साधने होती, शिकविणाऱ्या महाराष्ट्रातील सर्वोत्तमांपैकी होत्या. आणि गावातील गरीब वस्त्यांतील मुले येईनात. आई-वडील पहाटे कामाला जाणारे. मुलांना आंघोळ कोण घालणार, वेणी कोण घालणार, बालवाडीपर्यंत आणून कोण सोडणार? जे मूल अंगावर धड कपडा नसताना वाढते, त्याला नीटनेटक्या खोलीची भीतीच वाटते. सामान्य संस्थेने अशा वेळी अहवालात लिहिले असते, की ह्या वर्गात शिक्षणाची आस्था नाही. ताराबाई आणि अनुताई साधने टोपलीत भरून वस्तीतच गेल्या आणि तेथल्या अंगणात शाळा मांडली. आधी मुलांना नदीवर, विहिरीवर स्वच्छ करायचे, नखे कापायची, केस विंचरायचे, मग गाणी, गोष्टी, खेळ. अंगणात भरणारी ती अंगणवाडी. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र शासनाची एकात्मिक बाल विकास सेवा योजना सुरू झाली आणि देशभर तिची केंद्रे 'अंगणवाडी' ह्याच नावाने ओळखली जाऊ लागली. गल्लीच्या कोपऱ्यावरील अंगणवाडीची पाटी रोज दिसते. हा शब्द बोर्डीच्या अनुभवातून रुळला, हे फार थोड्यांच्या ध्यानी असते.

अंगणात आल्यावर शिकविण्याची रीतही बदलली. परदेशी साधनांऐवजी समुद्रकाठचे शिंपले, गोटे, बिया, पाने, नारळाच्या करवंट्या, कुंभाराची माती आली. मोजायला बिया, रंग ओळखायला पाने आणि फुले, हलके-जड ओळखायला गोटे. माँटेसरींचे तत्त्व तेच राहिले, मूल हाताने करून शिकते. बदलला तो केवळ माल. शैली म्हणजे कोणाची तरी हुबेहूब नक्कल नव्हे. जातिवंत कारागीर नमुना समजून घेतो आणि हाताशी असलेल्या सुतातून तो विणतो.

१९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर आले. ताराबाई तेव्हा पासष्ट वर्षांच्या होत्या. आपल्याकडे ह्या वयात माणूस पेढी मुलांच्या स्वाधीन करून मोकळा होतो. कोसबाडभोवती वारल्यांचे पाडे. पेणकरपाडा ह्या आपल्या वसाहतीच्या नावातला 'पाडा' तोच; फरक इतकाच, की येथे आता इमारती आहेत. तेथील मुले गुरे राखायला रानात जात, म्हणून शाळा कुरणावर गेली आणि तिचे नाव पडले कुरणशाळा. गुरे चरत असताना झाडाखाली शिक्षण चाले. थोरल्या मुलीला धाकटे भावंड कडेवर घेऊन बसावे लागे, म्हणून ती शाळेत येईना. तेव्हा पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणून विकासवाडी उभी केली. धाकटा पाळण्यात, थोरली वर्गात. ह्यात एकही नवीन ग्रंथ लिहावा लागला नाही. मूल येत का नाही, एवढा प्रश्न प्रामाणिकपणे विचारला गेला आणि उत्तर मिळेल तिकडे शिकविणारी माणसे गेली. ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण मिळाले. १९७३ मध्ये त्या निवर्तल्या. अनुताईंनी पुढे जवळजवळ दोन दशके, १९९२ मध्ये देह ठेवीपर्यंत, कोसबाड सोडले नाही. 'कोसबाडच्या टेकडीवरून' ह्या त्यांच्या पुस्तकात ही हकीकत त्यांच्याच शब्दांत वाचावयास मिळते.

ज्यांचे कार्य समाजाला अधिक जवळचे वाटेल असे दुसरे नाव कर्मवीर भाऊराव पाटील ह्यांचे. कुंभोजच्या जैन कुटुंबात १८८७ मध्ये जन्मलेल्या ह्या पुरुषाने १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली. त्यांची वसतिगृहे आणि 'कमवा व शिका' सर्वांना ठाऊक आहे. येथे एवढेच ध्यानात घ्यावे, की खेडोपाडी शाळा काढायच्या तर आधी शिक्षक तयार हवेत हे ओळखून त्यांनी १९३५ मध्ये साताऱ्याला ग्रामीण शिक्षकांचे अध्यापन विद्यालय सुरू केले. इमारतीसाठी देणगी मागणे सोपे असते, कारण इमारतीवर नावाची पाटी लावता येते. शिक्षकाच्या प्रशिक्षणावर कोणाची पाटी लावणार?

आता आपल्या पाठशाळेकडे वळू. बोर्डीची अडचण भाषेचीही होती. गुजरातची सीमा जवळ, गावात मराठी-गुजराती दोन्ही, पाड्यावर वारली बोली. मीरा-भाईंदरच्या मुलाची स्थिती निराळी नाही. घरी तो गुजराती वा मारवाडी बोलतो, शाळेत इंग्रजी, मैदानात हिंदी, बाजारात थोडी मराठी. आणि सूत्र प्राकृतात. प्राकृत ही जनसामान्यांची भाषा होती. भगवान महावीरांनी विद्वानांच्या संस्कृतात न बोलता अर्धमागधीत उपदेश केला, तो घराघरांत समजावा म्हणून. आज तीच भाषा मुलाला सर्वांत परकी वाटते. मूळ सूत्राचे उच्चार शुद्धच राहिले पाहिजेत, ह्यात तडजोड नाही. परंतु अर्थ सांगताना ताईने मुलाच्या ओठांवरची भाषा उचलली, तर त्यात कमीपणा मानू नये.

एक उदाहरण घेऊ. इरियावहियं सूत्रात जाता-येता पीडा झालेल्या एकेंद्रियापासून पंचेंद्रियापर्यंतच्या जीवांची क्षमा मागितली आहे. मुले ते दोन आठवड्यांत पाठ करतात. आता ताईने पाठांतरापूर्वी मुलांना आवारात नेले, तर? कुंडीतील रोप एकेंद्रिय. पावसाळ्यात ओलसर मातीत वळवळणारे गांडूळ द्वींद्रिय, त्याला स्पर्श आणि रसना. भिंतीवरची मुंगी त्रींद्रिय, तिला गंधही कळतो, म्हणून तर ती साखरेपाशी पोहोचते. भिरभिरणारी माशी चतुरिंद्रिय. फाटकाशी उभी असलेली गाय पंचेंद्रिय. कोणालाही हात न लावता, दोन पावले दूर उभे राहून हे पाहायचे. मग वर्गात येऊन सूत्र म्हणायचे. ज्या मुलाने मुंगी ओलांडून पाऊल टाकले, त्याला त्या प्राकृत शब्दांत ती मुंगी दिसेल. खर्च शून्य. वेळ वीस मिनिटे.

आचार्यांनी हेच केले होते. लेश्या हा किती सूक्ष्म विषय. तो त्यांनी जांभळाच्या झाडाखाली उभ्या असलेल्या सहा माणसांत बसविला. एक मुळापासून झाड तोडू म्हणतो, दुसरा मोठी फांदी, तिसरा लहान डहाळी, चौथा घोस, पाचवा केवळ पिकली फळे आणि सहावा खाली पडलेलीच वेचू म्हणतो. उपाश्रयाच्या भिंतीवर हे चित्र पाहिले नाही असा श्रावक विरळा. कृष्ण लेश्येपासून शुक्ल लेश्येपर्यंतची व्याख्या विसरेल, झाड विसरत नाही.

प्रश्नांविषयी थोडे अधिक बोलणे आवश्यक आहे. शास्त्रांनी स्वाध्यायाचे पाच प्रकार सांगितले आहेत: वाचना, पृच्छना, परिवर्तना, अनुप्रेक्षा आणि धर्मकथा. वाचना म्हणजे गुरूकडून पाठ घेणे. त्याच्या लगोलग येते पृच्छना, विचारणे. परिवर्तना, म्हणजे घोकणे, तिसऱ्या स्थानी आहे. पाठशाळेत वाचना आणि परिवर्तना होते. मधली पृच्छना गळून गेली आहे. भगवती सूत्राचा विस्तार पाहावा. ते प्रश्नोत्तरांचे आगम आहे, परंपरा त्यातील प्रश्नांची संख्या ३६,००० सांगते आणि विचारणारे बहुधा गौतम स्वामी, प्रत्यक्ष गणधर. गणधरांना विचारण्यात संकोच वाटला नाही, तर नऊ वर्षांच्या मुलाने "बटाटा का नाही खायचा?" असे विचारले म्हणून त्याला गप्प का बसवावे? बहुतेक वेळा ताई चिडते ती प्रश्नावर नव्हे. उत्तर तिला ठाऊक नसते म्हणून. "मलाही नीट माहीत नाही, महाराजसाहेबांना विचारून पुढच्या रविवारी सांगते", हे वाक्य उच्चारायला शिकणे ही शिकविण्याच्या कलेतील मोठी पायरी आहे. मात्र पुढच्या रविवारी उत्तर दिलेच पाहिजे. उधारी बुडविणाऱ्याकडे मूल दुसऱ्यांदा येत नाही.

प्रश्न ताईने विचारतानाही एक बारकावा आहे. अमेरिकेतील मेरी बड रो नावाच्या विदुषीने १९७० च्या दशकात अनेक वर्गांच्या ध्वनिफिती तपासल्या. शिक्षक प्रश्न विचारतो आणि सरासरी एका सेकंदाच्या आसपासच थांबतो. उत्तर आले नाही तर दुसऱ्याला विचारतो किंवा स्वतःच सांगून टाकतो. हाच अवधी तीन सेकंदांपर्यंत वाढविला, तेव्हा मुलांची उत्तरे लांब झाली, गप्प बसणारी मुले बोलू लागली, आणि मुलांकडून उलट प्रश्नही अधिक आले. तीन सेकंद! मनातल्या मनात नवकाराचे पहिले पद शांतपणे म्हणावे इतका वेळ. ह्याला ना पदवी लागते, ना पैसा. पण करून पाहणाऱ्याला कळेल, की ते तीन सेकंद गप्प राहणे किती कठीण असते.

तथापि आपण तीन सेकंद थांबतो की नाही, हे शिकविणाऱ्याला स्वतःला कळत नाही. म्हणून दुसऱ्याची नजर हवी. जपानमधील शाळांत ह्यासाठी एक रीत शंभरहून अधिक वर्षे चालत आली आहे. काही शिक्षक मिळून एक पाठ तयार करतात, त्यांतील एक जण तो वर्गात घेतो, बाकीचे मागे उभे राहून पाहतात. ते शिक्षकाकडे कमी आणि मुलांकडे अधिक पाहतात: कोण केव्हा कंटाळले, कोणाचा हात वर आला आणि राहून गेला. नंतर सारे बसून चर्चा करतात, पाठ सुधारतात आणि दुसऱ्या वर्गावर पुन्हा घेतात. चर्चा पाठाची होते, माणसाची होत नाही, हे त्यातील मर्म. आपल्याकडे निरीक्षणाला कोणी आले, की ताईचा चेहरा उतरतो, कारण निरीक्षण म्हणजे दोष काढणे असा ग्रह आहे. आणि स्पष्टच सांगावयाचे तर विश्वस्तांच्या भेटींनी तो ग्रह पुष्कळदा दृढच केला आहे. महिन्यातून एकदा शेजारच्या दोन पाठशाळांच्या ताईंनी एकमेकींच्या तासाला बसावे. विश्वस्तांनी त्या दिवशी केवळ चहा-नाश्त्याची व्यवस्था पाहावी.

दुसरा उपाय व्यापाऱ्याला सांगण्याची गरज नाही, तो त्याच्या रक्तात आहे. रोजमेळ. दिवसाची जमा-नावे रोजमेळात आणि त्यावरून खतावणी. ताईने प्रत्येक तासानंतर पाच मिनिटांत चार ओळी लिहाव्यात: काय शिकवायचे ठरविले होते, काय झाले, कोठे मुले रंगली, कोठे सुटली. ही झाली रोजमेळ. आणि प्रत्येक मुलाच्या नावाचे एक पान, ती खतावणी: ह्याला अर्थ कळतो पण पाठ होत नाही, हिचे उच्चार स्वच्छ आहेत पण ती बोलत नाही, हा तीन रविवार आला नाही. दिवाळीला चोपडापूजन करणाऱ्या समाजात पाठशाळेचीच वही कोरी असते. सहा महिन्यांनी ती वही उघडली, तर ताईला तिची स्वतःची शैली कागदावर दिसेल. हजेरीपत्रक ह्या कामी उपयोगी नाही. ते फक्त येणाऱ्यांची मोजदाद करते.

प्रलोभन आणि भय ह्यांविषयी मतभेद होतील, ते व्हावेत. मुलांना शारीरिक शिक्षा व मानसिक त्रास देण्यास २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळांत बंदी घातली. ज्या धर्माचा पाया अहिंसा, त्याच्या पाठशाळेला ह्यासाठी कायद्याची वाट पाहावी लागू नये. बक्षिसाचा प्रश्न अधिक नाजूक आहे. प्रभावना ही आपली जुनी आणि गोड प्रथा. ती सर्वांना सारखी मिळते, म्हणून ती आनंद वाटते. गाथांच्या संख्येवर चांदीचे नाणे वा सायकल ठेवली, की ती मजुरी होते. गिजुभाई आणि ताराबाई दोघेही बक्षीस व शिक्षा ह्या दोहोंच्या विरोधात होते. दात्यांची भावना शुद्ध असते, त्यांना दुखवायचे नाही. तेच दान शिक्षिकांना पुस्तके देण्यासाठी वा प्रशिक्षण शिबिरासाठी वळविता आले तर पाहावे.

यंत्रांचाही उल्लेख करावयास हवा. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक रणजितसिंह डिसले ह्यांना २०२० मध्ये जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड छापून मुलांना त्या पाठाची गाणी, चित्रफिती ऐकता-पाहता याव्यात, ही त्यांची कल्पना महाराष्ट्रात दूरवर पोहोचली. दहा लाख डॉलरच्या त्या पुरस्काराची अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांत वाटून दिली, ही गोष्ट अपरिग्रहाचा धडा घेताना सांगण्याजोगी आहे. पाठशाळेतही शुद्ध उच्चारांची ध्वनिफीत मुलाच्या आईच्या मोबाइलवर पाठविता येईल, म्हणजे पाठांतर घरी होईल आणि रविवारचा तास अर्थासाठी व प्रश्नांसाठी मोकळा राहील. पडद्यावर चित्रफीत लावून ताईने बाजूला बसणे हा मात्र तिचा उपयोग नव्हे.

शासनाच्या २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने प्रत्येक शिक्षकाने वर्षाकाठी किमान ५० तास स्वतःच्या व्यावसायिक विकासासाठी द्यावेत अशी अपेक्षा ठेवली आहे. पगारी शिक्षकासाठी ५०, तर सेवाभावी ताईसाठी १० तास तरी संस्थेने योजावेत. त्यांतील चार तास एकमेकींच्या तासाला बसण्यात जातील, दोन महाराजसाहेबांपाशी शंका विचारण्यात. उरलेल्या वेळासाठी सुचवावेसे वाटते, की चातुर्मासानंतर, हवा थंड झाल्यावर, एका सकाळी पाठशाळेच्या सर्व शिक्षिकांनी डहाणूकडे जाणारी गाडी पकडावी, घोलवडला उतरावे आणि कोसबाडच्या टेकडीवर जावे. जाण्यायेण्याचे भाडे ट्रस्टने द्यावे. प्रत्येकीच्या पिशवीत एक कोरी वही असावी, आणि परतीच्या गाडीत, विरार येण्यापूर्वी, तिचे पहिले पान लिहून झालेले असावे.